डब्यातलं टोकन

सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी आमच्या डोक्यावरून एखादं तरी विमान जायचंच. चाकं बाहेर काढलेली, आणि इतकं खाली की पोटावरची अक्षरं वाचता यावीत. सिस्टर बोलता बोलता थांबत. वाक्य जिथे तुटलं असेल तिथेच उभ्या राहत आणि विमान धावपट्टीकडे गेलं की अडलेल्या शब्दापासून पुढे सुरू करत. पहिलीतली नवी मुलं जानेवारीत विमान दिसलं की ओरडत, हात हलवत. पंधरा दिवसांत तीही थांबायला लागत. त्यांना कोणी तसं सांगितलेलं नसे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली मी मात्र पहिले सहा महिने विमानावर आवाज चढवूनच बोलले आणि घसा बसवून घेतला.

गावाचं नाव आपण डमडम लिहितो, तिथली माणसं दमदम म्हणतात. जगाला हे गाव माहीत आहे ते एका गोळीमुळे. शरीरात शिरल्यावर फुटून पसरणारी डमडम गोळी इथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात निघाली आणि १८९९ साली हेगच्या परिषदेत तिच्यावर बंदी आली. जुन्या पिढीला ग्रामोफोन कंपनीच्या तबकड्यांमुळेही नाव ठाऊक असेल. मला ते कळलं बदलीच्या कागदावर. नवरा विमानतळावर नोकरीला. २००९ मध्ये कोलकात्याच्या नव्या टर्मिनलचं काम जोरात होतं आणि आम्ही नागपूरहून बिऱ्हाड हलवलं. मी जिल्ह्यातल्या दोन शिक्षकी शाळेत सहा वर्षं काढली होती: चार वर्ग, एक व्हरांडा, एक हातपंप. राजीनामा देऊन गेले आणि कॅथलिक सिस्टरांच्या एका शाळेत प्राथमिकला लागले. शाळेचं नाव लिहीत नाही. जे घडलं त्यातली चूक माझी आहे, शाळेला त्यात ओढायला नको.

मुलाखतीत मीच विचारलं, "मी ख्रिस्ती नाही, चालेल ना?" सिस्टर म्हणाल्या, "तुम्हाला चालत असेल तर आम्हाला चालेल."

पुढची आठ वर्षं मला दोन बाजूंनी दोन प्रश्न येत राहिले. नागपूरहून फोनवर जाऊबाई विचारत, "मुलांना येशूचंच शिकवतात का गं?" आणि फाटकाबाहेर फुटपाथवर वर्तमानपत्र अंथरून शाळा सुटेपर्यंत बसलेल्या आया विचारत, "मिस, मेये इंग्लिश बोलते शिखबे तो?" मुलगी इंग्रजी बोलायला शिकेल ना? तिथे पालकांना गार्जेन म्हणतात, आणि खरोखर पहारेकऱ्यासारखेच ते सकाळी सातपासून बसून असतात.

वर्गात पहिल्या आठवड्यात मुलांनीच माझी परीक्षा घेतली. माझं नाव वसुधा. बंगालीत 'व'चा 'ब' होतो, 'स'चा 'श' होतो आणि 'अ' तोंडात गोल होतो, म्हणून मी बोशुधा मिस झाले. गाव कुठलं विचारलं. नागपूर म्हटलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या बाकावरचा एक चष्मेवाला उभा राहिला. त्याने घरी ठाकुमाला, म्हणजे आजीला, विचारलं होतं. "मिस, तुम्ही बर्गी आहात?" सगळा वर्ग श्वास रोखून बघायला लागला.

बंगालमध्ये मूल झोपत नसेल तर अजून बर्गी येतील अशी भीती घालून अंगाई म्हणतात. बर्गी म्हणजे आपले बारगीर. रघुजी भोसल्यांचे सरदार भास्करपंत कोल्हटकर १७४२ मध्ये बंगालवर चालून गेले आणि पुढे १७५१ च्या तहापर्यंत ही लूट पुन्हा पुन्हा होत राहिली. इंग्रजांनी भीतीने कलकत्त्याभोवती खंदक खणला, त्याचं नाव मराठा डिच. आम्ही शाळेत शिकलो ते भोसल्यांचा पराक्रम म्हणून, आणि इथे अडीचशे वर्षांनी दुसरीतलं पोर माझ्याकडे त्याच भोसल्यांच्या गावची म्हणून बघत होतं. मी म्हटलं, "हो. पण आता धान्य न्यायला नाही आले, पाढे द्यायला आले." वर्ग हसला. मधल्या सुट्टीत बंगालीच्या बाईंनी माझी समजूत घातली की बर्ग्यांचं सगळं कर्ज सखाराम गणेश देउसकरांनी फेडलं आहे. देवघरकडचे हे मराठी गृहस्थ बंगालीत लिहीत. त्यांचं 'देशेर कथा' १९०४ मध्ये आलं आणि स्वदेशीच्या चळवळीत घरोघरी पोचलं. बाईंच्या घरी ते होतं. मी तोवर त्यांचं नावही ऐकलं नव्हतं, ही कबुली देते.

इंग्रजीच्या वह्या तपासायला घेतल्या आणि मला वाटलं, ही मुलं ढ आहेत. 'माय मदर'वर पाच ओळी लिहायच्या होत्या. बावन्नपैकी निम्म्या वह्यांत आई 'ही' झाली होती आणि बाबा 'शी'. ही कुक्स राइस, ही लव्हज मी. मी लाल शाईचं अर्धं रिफिल संपवलं. मग एका संध्याकाळी घरमालकिणीशी बोलताना लक्षात आलं की बंगालीत तो, ती, ते हा भेदच नाही. 'शे' म्हटलं की त्यात आजी आली, आजोबा आले, मांजरही आलं. आपल्याला तीन लिंगांची सवय. बाकही आपण पुल्लिंगी आणि खुर्ची स्त्रीलिंगी करून ठेवलेली असते. शिवाय माझ्या मराठी कानाला 'ही' म्हणजे बाईच वाटते, तेव्हा आठव्या-दहाव्या वहीनंतर मलाही शंका यायला लागली की चुकतंय कोण. नंतर मी ती चूक लाल शाईने गोल करणं सोडलं आणि रोज पाच मिनिटं तोंडी खेळ घेतला. वर्षअखेरीस आया बऱ्याचशा 'शी' झाल्या. बाबा सुधारायला तिसरी उजाडली.

आया येऊन सांगत, वर्गात बंगाली बोलू देऊ नका. मी मान डोलवत असे. गुडघा फुटला की सगळी मुलं बंगालीतच रडत आणि आमची फरशी पुसणारी माशी, म्हणजे मावशी, त्यांना बंगालीतच गप्प करी. तो तास वेळापत्रकात नव्हता.

आता जाऊबाईंचा प्रश्न. मंगळवारी आणि गुरुवारी चौथी घंटा झाली की तिसरीच्या वर्गातून सहा मुलं उठून सिस्टरांकडे धर्मशिक्षणाला जात. त्यांत एक अँग्लो-इंडियन, दोन बंगाली, तीन छोटानागपुराकडून आलेल्या उरांव कुटुंबांतली. त्यांचं पहिलं कम्युनियन जवळ आलेलं असे. उरलेल्या शेहेचाळीस मुलांना मी मूल्यशिक्षण शिकवायचं. ही विभागणी शाळेच्या मर्जीवर नाही. घटनेचं अठ्ठाविसावं कलम सांगतं की मान्यताप्राप्त शाळेत पालकाच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. हे सगळं मला पाठ होतं, आणि चष्मेवाल्याच्या प्रश्नावर काही उपयोगी पडलं नाही. (तो माझ्याबरोबर दुसरीतून तिसरीत आला होता.)

"मिस, ती कुठे जातात?"

"देवाचं शिकायला."

"आणि आपण काय शिकतो?"

"खरं बोलायचं, वाटून खायचं, असं."

त्याने जरा विचार केला. "मग त्यांना खरं बोलावं लागत नाही?"

हा प्रश्न मी स्टाफरूममध्ये सांगितला तेव्हा सिस्टर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. पुढच्या गुरुवारी त्यांनी दोन्ही गट एकत्र बसवले आणि चांगल्या शोमरोनीची गोष्ट करायला लावली. वाटेवर जखमी पडलेला माणूस, त्याला टाळून जाणारे दोन प्रतिष्ठित धर्मवाले, आणि थांबणारा परका. मुलांनी परका कोण केला असेल? बर्गी. चष्मेवाला घोड्यावरून टप टप करत आला, जखमी पोराला पाठीवर घेतलं आणि मला विचारलं, "दवाखाना कुठे आहे?" मी त्या रात्री जाऊबाईंना हे सांगितलं. त्यांना ते फारसं पटलं नाही. वारीच्या गावी वाढलेल्या त्या. मग मी म्हटलं, एकनाथांनी काशीची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडी ओतली, तेच समजा. त्यावर त्या म्हणाल्या, "मग नाथांचंच सांगायचं ना." बरोबर होतं त्यांचं. पुढच्या तासाला मी नाथांचं गाढव सांगितलं. सिस्टरांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते प्रार्थनेत सांगितलं.

प्रार्थनेनंतर त्यांचं तीन मिनिटांचं बोलणं असे. या सिस्टर सेलेशियन संघाच्या, डॉन बॉस्कोच्या परंपरेतल्या. एकोणिसाव्या शतकात इटलीतल्या तुरीन शहरात हा धर्मगुरू रस्त्यावरच्या, कारखान्यांतल्या पोरांना गोळा करून शिकवी आणि रात्री झोपण्यापूर्वी दोन शब्द बोलून मगच दिवे मालवू देई. त्याचं नाव 'गुड नाइट'. दिवसाच्या शाळांत ते सकाळवर आलं. शिक्षा करून वळण लावण्यापेक्षा चूक होण्याआधी मुलाच्या जवळ असा, ही त्याची पद्धत. मला हे प्रशिक्षणात सांगितलं गेलं होतं आणि मी वहीत उतरवूनही घेतलं होतं.

पाण्याच्या बाटलीचं सांगायचं राहिलं. टिफिन मुलं वाटून खात. लुची एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाई. बाटली मात्र कोणी कोणाला देत नसे. "मा मना करेछे." आईने मनाई केली आहे, सर्दी होते. सर्दीचं खरंच असेल. पण काही घरांतल्या सर्दीला पत्ता असतो हे मी आपल्याकडच्या हातपंपावर पाहिलं होतं. म्हणून मी चौथीला डमडमचीच गोष्ट सांगितली. १८५७ चा जानेवारी. इथल्या छावणीत नव्या एन्फील्ड बंदुकीचं शिक्षण चाललेलं. दारूगोळ्याच्या कोठारातल्या एका खलाशाने ब्राह्मण शिपायाकडे लोट्यातून पाणी मागितलं. शिपाई म्हणाला, तुझ्या स्पर्शाने लोटा बाटेल. खलाशी म्हणाला, बाटायचं ते बाटणारच आहे, नव्या काडतुसांना गायीडुकराची चरबी लावलेली असते आणि ती तुम्हाला दातांनी तोडायची आहेत. ती बातमी इथून बराकपूरला गेली आणि पुढचं आपल्याला ठाऊक आहे. मुलांना वाटलं होतं, सत्तावन्न सुरू झालं ते मंगल पांडेच्या गोळीपासून. त्याआधी पाणी नाकारल्याची गोष्ट आहे आणि ती आपल्या गावची आहे, याचं त्यांना फार आश्चर्य वाटलं. दुसऱ्या दिवशी दोन बाटल्या फिरल्या. एका आईची चिठ्ठी आली, सर्दीबद्दल.

इथवर वाचून कोणाला वाटेल की बाई चांगल्या होत्या. आता डब्याकडे येते.

राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत चाळीस दिवसांचा उपवासकाळ. आमच्याकडे प्रत्येक वर्गात एक पत्र्याचा डबा यायचा, झाकणाला चीर पाडलेला. मुलांनी खाऊतले पैसे वाचवून गरिबांसाठी टाकायचे. २०१३ मध्ये तिसरीचा डबा माझ्याकडे होता. पहिल्या आठवड्यात अकरा रुपये जमले. मी जिल्हा परिषदेत शिकलेली युक्ती काढली. रंगीत कार्डशीटवर तक्ता केला, डावीकडे बावन्न नावं, पुढे तारे. दहा रुपयांना एक तारा. मागे आमच्या शाळेत मी हाच तक्ता हजेरीसाठी वापरला होता आणि केंद्रप्रमुखांनी कौतुकही केलं होतं.

डबा वाजायला लागला. नाण्यांच्या नोटा झाल्या. फाटकाबाहेरच्या वर्तमानपत्रांवर तक्त्याची चर्चा सुरू झाली आणि एका आईने मला थांबवून सांगितलं की तिच्या मुलाचे शंभर रुपये होते, तारे नऊच आहेत. मी माफी मागून दहावा चिकटवला. मला वाटत होतं, वर्ग दान शिकतोय.

तिसऱ्या शुक्रवारी मी डबा टेबलावर उपडा केला. सगळ्यांसमोर, कारण मोजणी हा गणिताचाच भाग. नोटा, नाणी, आणि त्यांच्यात प्लॅस्टिकची एक गोल चकती. मेट्रोचं टोकन. दोन वर्षांपूर्वीच कोलकाता मेट्रोत तिकिटाच्या जागी ही टोकनं आली होती. मुलं खो खो हसली. मी टोकन बोटांत धरून वर केलं आणि विचारलं, "हे कोणी टाकलं?"

आजही त्या वाक्याशी आलं की माझा हात लिहिताना थांबतो. विचारायची गरज काय होती? कोणी बोललं नाही. पण खिडकीजवळची एक मुलगी डेस्कच्या कडेवरचा रंग नखाने खरवडत होती आणि तिने मान वर केली नाही. तिचे वडील दमदम मेट्रो स्टेशनाबाहेर लेबू चा, म्हणजे लिंबाचा चहा, विकत. प्रवाशांच्या हातून पडलेलं टोकन तिला तिथे मिळालं असणार. तक्त्यात तिच्या नावापुढे जागा रिकामी होती. तिला तारा नको होता, इतकं मला कळतं. तिला चिरेतून काहीतरी आत पडल्याचा आवाज हवा होता. बाकीच्यांनी ऐकावा म्हणून.

सोमवारी, मंगळवारी ती आली नाही.

मी सिस्टरांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तक्ता किती वाजता काढता?" शाळा सुटल्यावर मी तो काढला. भिंतीवर चार कोपऱ्यांत टेपचे चार डाग राहिले. बुधवारी सकाळी त्या स्वतः वर्गात आल्या. हातात जाड खादीची पिशवी, तोंडाला नाडी. मुलांना म्हणाल्या, डबा गंजला, म्हणून आता ही पिशवी. रोज सगळ्यांनी एकामागून एक यायचं, मूठ बंद करून पिशवीत घालायची आणि उघडून बाहेर काढायची. मुठीत काही असो नसो, मूठ सगळ्यांची आत गेली पाहिजे. मग त्यांनी आपली मूठ घातली, माशीला बोलावून तिची घालायला लावली, आणि माझ्याकडे बघितलं. मी माझी घातली. माझ्या मुठीत काही नव्हतं.

खिडकीजवळची मुलगी गुरुवारी आली. रांगेत तिचा नंबर आला तेव्हा मी फळा पुसत होते. मुद्दाम.

या हाताचं त्या हाताला कळू नये, असं माझी आजी म्हणायची. मत्तयाच्या शुभवर्तमानात हीच गोष्ट आहे, हे मला नंतर कळलं. आजीचं ऐकून मी मोठी झाले आणि तरी तक्ता केला. ईस्टरला पिशवी उघडली तेव्हा ताऱ्यांच्या आठवड्यांपेक्षा बरेच कमी पैसे निघाले. सिस्टरांनी आकडा वर्गाला सांगितला नाही. टोकन त्यांनी माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "उद्या येताना स्टेशनच्या काउंटरवर देऊन टाका, ते मेट्रोचं आहे." मी दिलं. काउंटरवरच्या माणसाला वाटलं मी गेट चुकवलंय, त्याने मला बरंच सुनावलं.

पिशवीनेही एक प्रश्न सुटला नाही. ती ज्यांच्यासाठी होती ते गरीब मुलांना कधी दिसले नाहीत. दमदम जंक्शनवरून लोकल धरली की मधलं बिधाननगर सोडून लगेच सियालदा. तिथल्या लोरेटो शाळेत आयर्लंडच्या सिस्टर सिरिल मूनी १९७९ मध्ये मुख्याध्यापिका झाल्या आणि त्यांनी हे वेगळ्या तऱ्हेने केलं. स्टेशनावर, फुटपाथवर राहणाऱ्या मुलांना शाळेचं दार उघडलं, हव्या त्या वेळी यायची मुभा दिली, आणि पाचवीच्या पुढच्या फी भरणाऱ्या मुलींना त्यांच्याशेजारी एकास एक बसवून शिकवायला लावलं. हे वेळापत्रकातच. 'रेनबो' हे त्याचं नाव. शाळेतल्या निम्म्या मुली हळूहळू फी न भरणाऱ्या झाल्या. २००७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०२३ मध्ये त्या गेल्या. मी आमच्या सिस्टरांना विचारलं होतं, आपण का करत नाही? त्या म्हणाल्या, "जागा, माणसं, आणि गार्जेन." तिसरा शब्द जरा हळू म्हणाल्या. ते खरंही होतं आणि पुरेसं नव्हतं, असं माझं मत आहे. त्यांचंही असावं.

२०१७ मध्ये आमची बदली परत नागपूरला झाली. सध्या मी एका खासगी शाळेत पहिली ते चौथीची प्रमुख आहे. तिथे व्हरांड्यात मोठा फलक आहे: 'बालदाते'. पूरग्रस्तांसाठी, सैनिकांसाठी, गोशाळेसाठी ज्या मुलांनी सर्वांत जास्त निधी जमवला त्यांचे फोटो, खाली रकमा. तो उतरवावा म्हणून मी दोनदा लेखी दिलं आहे. पालकांना आवडतो, असं उत्तर आलं. जूनमध्ये तिसरा अर्ज देणार आहे.